प्लॅटिनमची पंगत

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा मीच वयाने मोठी आहे, तेव्हा आज मी बोलते आणि तुम्ही ऐका. परवा कामोठ्याला भाचीकडे गेले होते. तिच्या गाडीतून घरघर यायला लागली म्हणून गॅरेजला नेली, तर तिथला मेकॅनिक म्हणतो, "आंटी, धुराच्या नळीतला कॅटॅलिस्ट गेलाय. आत प्लॅटिनम असतो म्हणतात." म्हणतात! मला सांगतो, म्हणतात! मी तिथंच टायरच्या ढिगावर टेकले आणि प्लॅटिनम दाण्यांवर कसं बसतं, ऑक्सिजन त्याला कसा धरून ठेवतो, सगळं त्याला साग्रसंगीत ऐकवलं. तो बिचारा पाना हातात धरून ऐकतोय आणि भाची लाजेने अर्धमेली. परत येताना म्हणाली, "मावशी, तू शिकवायला लागलीस की तुझा आवाजच बदलतो." बदलणारच की. तो आवाज माझा आहेच कुठे, तुमचा आहे. म्हणून आज कागद घेऊन बसले.

तुमची माझी पहिली भेट भांडणानेच झाली होती, आठवतं? मी घणसोली गावातली, मिठागरवाल्यांची पोर. मिठागर सरकारने घेतलं होतं, बाबा दिवसभर ओटीवर बसून रस्त्याने जाणारे ट्रक बघायचे, आणि मी ठाण्याच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते. आमच्या आळीत पहिलीच. रबाळ्याला नव्या-नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत मला ट्रेनी म्हणून घेतलं. कंपनी कॅटॅलिस्ट बनवायची, म्हणजे औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांना लागणारी उत्प्रेरकाची पावडर. पांढऱ्या अॅल्युमिनावर प्लॅटिनमचा हात फिरवलेली, दिसायला चुलीतल्या राखेसारखी आणि किंमत विचारू नये अशी. पहिल्या दिवशी मी आईचे चांदीचे पैंजण घालून आले. का? तर पहिली नोकरी, म्हणून! तुम्ही खुर्चीतून मान वर न करता म्हणालात, "कोण आहे ती? लॅब आहे की तमाशाचा तंबू? काढ ते." मी रागाने लाल. म्हटलं, "कुठे ठेवू?" तुम्ही म्हणालात, "खिळा दिसत नाही का भिंतीला?" भट्टीच्या ब्लोअरशेजारी एक खिळा होता, त्याला मी ते अडकवले, आणि रोज सकाळी आले की अडकवायचे, निघताना घालायचे. घरून न घालता यायचं मला सुचलं नाही असं नाही, पण तुमची जिरवायची होती. तुम्हाला ते कळत होतं. रोज सकाळी माझे पैंजण वाजत आले की तुम्ही गालातल्या गालात हसायचात, हे मला पुढे सहा महिन्यांनी शिपायाने सांगितलं.

तुमच्या हाताखाली काम शिकणं म्हणजे स्वयंपाक शिकण्यासारखं होतं, फक्त चव घ्यायची बंदी. प्लॅटिनमच्या क्षाराचं पाणी करायचं, त्यात अॅल्युमिना भिजवायचं, वाळवायचं, मग भट्टीत घालून त्याच्यावरून तापलेली हवा सोडायची. याला तुम्ही भाजणं म्हणायचात. भाजून झालं की हवा पूर्ण घालवून हायड्रोजन सोडायचा, की क्षाराचा धातू होतो. झाला कॅटॅलिस्ट. ऐकायला सोपं आहे आणि मला वाटायचं, मी महिन्याभरात तुमची खुर्ची घेते. पण मी आले त्याच सुमाराला सगळं बिघडलं. एक बॅच अशी झकास निघायची की गिऱ्हाईक तार करायचं, आणि दुसरी, त्याच हाताने, त्याच मापाने केलेली, मेलेल्या बैलासारखी पडून राहायची. तुम्ही भट्टी उघडून बघितलीत, अॅल्युमिना बदललंत, पाणी बदललंत, मला चार शिव्या देऊन बघितल्यात. काही फरक नाही.

वर्क्स मॅनेजर माणूस वाईट नव्हते. नेहमी घाईत असायचे एवढंच. एक दिवस ते लॅबमध्ये आले, टेबलाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी सगळा विचार केलाय. बिघाड हवेत आहे. हवा नको, भाजणं नको. वाळवलं की डायरेक्ट हायड्रोजन. भट्टीचं सेक्शनच बंद करू, टेन्शन खल्लास." तुम्ही विचारलंत, "आणि ही मुलगी?" ते माझ्याकडे बघून जरा ओशाळले. "भट्टी नसेल तर भट्टीवरची ट्रेनी कशाला? सॉरी हां, बेटा." माझ्या पायाखालची जमीनच सरकली, बाई. कारण घरी काय चाललं होतं ते तुम्हाला मी आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. उरणहून स्थळ आलं होतं. मुलाचं बर्फाचं दुकान, घर बरं, आणि मुलगी घरातच पाहिजे अशी त्यांची अट. बाबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "बाय, परमनंट झालीस त तुजी मर्जी, मी शब्द काराचा नाय. पन नाय झालीस त उरनला जायाचा. मंग रडू नको." बाबांचा शब्द म्हणजे शब्द. म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य त्या भट्टीत जाणाऱ्या हवेवर येऊन लटकलं होतं. तुम्ही मॅनेजरसाहेबांना म्हणालात, "मला एक संधी द्या. तुमची बिनहवेची बॅच आणि माझी भाजलेली बॅच, दोन्ही शेजारी ठेवून तपासू. माझी हरली तर भट्टी भंगारात घाला." ते म्हणाले, "महिनाअखेर." आणि निघून गेले.

मी रडायला लागणार तेवढ्यात तुम्ही मला स्टुलावर बसवलंत. "रडू नकोस, ऐक. पुस्तकात याला राजधातू म्हणतात. सोनं, चांदी, प्लॅटिनम. राजे लोक, कुणाशी मिसळत नाहीत, हवेने गंजत नाहीत. म्हणून साहेबांना वाटतं, याला ऑक्सिजनचं काय काम? अगं, तुमच्याकडे लग्नात पंगत कशी बसते?" मी हुंदका गिळून म्हटलं, "पाट मांडतात." "मांडले नाहीत तर?" "सगळे दारात घोळका करून उभे राहतील." "बरोबर! हा ऑक्सिजन म्हणजे पाट. भाजताना तो प्लॅटिनम आणि अॅल्युमिना यांच्या मध्ये जाऊन बसतो, आणि प्लॅटिनमचा एकेक कण आपापल्या पाटावर बसतो. मग हायड्रोजन येतो आणि पाट काढून घेतो. पण तोवर पंगत बसलेली असते, आणि खाली एखादा तुकडा राहतोच, म्हणून कुणी उठत नाही. थेट हायड्रोजन सोडलास तर घोळका. सगळं प्लॅटिनम गोळे करून बसणार. बाहेरून तेवढंच प्लॅटिनम, पण कामाला फक्त कडेचे येतात, मधल्यांना कुणी विचारत नाही." मी डोळे पुसून विचारलं, "मग आपली अर्धी पंगत का उठते?" तुम्ही म्हणालात, "तेच तर कळत नाहीये गं. ऑक्सिजन गुन्हेगार नाही एवढं मला माहीत आहे. पण त्याच्याबरोबर कुणीतरी शिरतंय." कॉलेजात मी तीन वर्षं केमिस्ट्री शिकले होते बाई, पण कुणी मला असं जेवायला बसवलं नव्हतं.

मग तो गुरुवार. मी संध्याकाळी खिळ्यावरून पैंजण काढते आणि वैतागून म्हणते, "परत काळे! कालच चिंचेने घासले होते." तुम्ही पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेलेल्या असता. मागे वळून विचारता, "रोज काळे होतात?" मी म्हणते, "रोज नाही हो. कामाच्या वेळेत पूर्ण ओहोटी आली की. मागच्या नाल्यातलं पाणी खाडीत उतरतं, चिखल उघडा पडतो आणि काय घाण सुटते! कंपन्या पण तिथंच सोडतात ना सगळं." तुम्ही पर्स खाली टाकता. टाकताच! त्यातली पावडरची डबी फरशीवर गडगडत जाते, तिच्याकडे तुमचं लक्षही नाही. माझ्या हातातून पैंजण ओढून घेता, खिडकीशी नेता, नाकाला लावता. "गंधक," तुम्ही म्हणता. "अगं बावळट, चांदी काळी पडते ती गंधकाने! ब्लोअर हवा कुठून ओढतो?" मी भिंतीमागे बोट दाखवते. ब्लोअरचं तोंड थेट नाल्यावर. आणि प्लॅटिनमला गंधक म्हणजे विषच, हे तर मलाही पाठ होतं. तुम्ही खाली बसून हसायला लागलात. माझ्या आयुष्यात मी तुम्हाला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. "पाटावर घाण सांडलेली होती गं! पाटाचा काय दोष?" मग आपण दोघी बसलो आणि बिघडलेल्या बॅचेस कोणत्या दिवशी भाजल्या ते आठवायला लागलो. मी तिथी मोजून सांगत होते, कारण आमच्या घरात भरती-ओहोटी घड्याळावर नाही, तिथीवर चालते; मिठागरात पाणी घ्यायचं तर ते कळायलाच लागतं. जिथे जिथे मी "ओहोटी" म्हणाले तिथे तिथे तुम्ही टाळी वाजवत होता. शिपाई डोकावून गेला, त्याला वाटलं बाईंना लॉटरी लागली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शिडी मागवलीत. पांढऱ्या कोटाखाली साडीचा पदर खोचून, पन्नाशीला आलेली बाई, पाण्याच्या टाकीवर चढली आणि चारी दिशांना तोंड करून हवा हुंगायला लागली. खाली अख्खी शिफ्ट जमली. मॅनेजरसाहेब गाडीतून उतरले आणि ओरडले, "बाई, काय हरवलं?" तुम्ही वरून ओरडलात, "हवा!" मी शिडी धरून उभी होते, हसून हसून शिडी हलत होती आणि वरून तुमच्या शिव्या येत होत्या. शेवटी ब्लोअरला हवा ओढायला पुढच्या बाजूला, टाकीच्याही वर, एक उंच नळ काढायचं ठरलं. पण तुमचा कशावरच सहज विश्वास नाही. एक पैंजण जुन्या खिळ्याला आणि दुसरा नव्या नळाच्या तोंडाशी तारेने बांधून ठेवला, अमावास्येच्या उधाणाची ओहोटी जाऊ दिली, आणि मगच बघितलं. खिळ्यावरचा काळा ठिक्कर, वरचा लख्ख. घरी आई विचारत होती, "पैंजन खय टाकलंस गो?" मी म्हटलं, "कंपनीत कामाला लागलेत." "आनि तू?" आईने विचारलं. मला हसू आलं आणि मग एकदम विरलं, कारण महिनाअखेर चार दिवसांवर आली होती.

नव्या हवेत आपण बॅच भाजली. आणि मग तो दिवस उजाडला. तपासणी म्हणजे काय, तर काचेच्या फ्लास्कमध्ये चिमूटभर कॅटॅलिस्ट आणि ज्याच्यावर काम करायचं ते द्रव, आणि फ्लास्क हलवणारं ते खडखड करणारं यंत्र. शेजारी काचेची उभी नळी, वर हायड्रोजन आणि खाली पाणी. कॅटॅलिस्ट हायड्रोजन खाईल तसं नळीतलं पाणी वर चढणार. जितका कॅटॅलिस्ट चांगला तितकं पाणी भरभर चढतं, त्यात वाद घालायला जागाच नाही. मॅनेजरसाहेब खुर्ची ओढून बसले. आधी त्यांची बिनहवेची बॅच. पाणी चढलं, पण आजारी माणूस जिना चढावा तसं, टप्प्याटप्प्याने, आणि अर्ध्यावर बसलं. मला उकळ्या फुटायला लागल्या. मग आपली. यंत्र सुरू झालं, फ्लास्क खडखडतोय, आणि पाणी जागचं हलेना. मी नळीकडे बघते, तुमच्याकडे बघते, परत नळीकडे. काही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई," ते हळूच म्हणाले, "तुमची तर अजिबातच नाही चढत हो." माझ्या डोळ्यांपुढे बर्फाचं दुकान आलं. खरंच आलं, लाकडाच्या भुशासकट.

तुम्ही मात्र हनुवटीला बोट लावून उभ्या. मग म्हणालात, "काल दुपारपासून ही हायड्रोजनमध्ये ठेवली होती ना? साहेबांची आज सकाळी थोडाच वेळ ठेवून काढली." मी म्हटलं, "हो, तुम्हीच म्हणालात." "मग हिच्या अंगावरचा होता नव्हता तेवढा ऑक्सिजन झडलाय. गुदमरलीय ती." तुम्ही यंत्र थांबवलंत, हायड्रोजन बंद केलात, नायट्रोजन सोडून फ्लास्क धुऊन काढलात, आणि मग, साहेबांच्या डोळ्यांदेखत, तोटी उघडून आत हवा घेतलीत. ज्या हवेला हाकलायचं म्हणून महिनाभर सगळी कंपनी बसली होती तीच! फ्लास्क दोन्ही हातांत धरून, बाळाला खुळखुळा दाखवावा तशा तुम्ही हलवत होता आणि त्याच्याशी बोलत होता, "घे, घे गं, श्वास घे." साहेब म्हणाले, "बाई, आर यू शुअर?" तुम्ही म्हणालात, "नाही. पण पाटाचा एखादा तुकडा लागतोच." त्यांना काय कळणार होतं पाटाचं! परत नायट्रोजन, मग परत हायड्रोजन, परत खडखड. मी श्वास घेत नव्हते.

आणि पाणी हललं. आधी वाटलं, भास आहे. मग केसभर. मग बोटभर. मग ते असं सुटलं, बाई, असं सुटलं, की बघता बघता नळीवरच्या रेघा मागे टाकत वर, वर, आणखी वर! मी इतकी वर्षं ठाण्याच्या कॉलेजात जाऊन घासूनपुसून शुद्ध केलेली माझी भाषा त्या क्षणी उडून गेली. मी स्टुलावर उभी राहून घरच्या बोलीत ओरडत होते, "चरलं! पानी चरलं! आयला, चरलं!" चढलं नाही, चरलं. तुम्ही पण ओरडत होता, "चरलं! चरलं!" आणि तुमचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. साहेब उठले. माणूस खरा होता. म्हणाले, "माझ्या बॅचलाही तशीच हवा द्या, न्याय सारखा पाहिजे." दिली. तिने बळेबळे दोन बोटं चढून दाखवलं आणि पुन्हा बसकण मारली. साहेब हसले, तुमच्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, "भट्टी राहिली. आणि हिचं पर्मनंटचं पत्र मी उद्या टाईप करून घेतो." मी तोवर रडत होते, भोकाड पसरून, नाक वाहतंय, कशाचं भान नाही. तुम्ही मला जवळ घेतलंत. तुमच्या कोटाला अॅल्युमिनाचा आणि कोऱ्या साबणाचा वास यायचा.

त्या रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात, ठाण्याहून बस पकडून, हातात पेढ्यांचा पुडा. गल्लीत विचारत विचारत आलात तेव्हा मागे दहा पोरांची वरात होती. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण केलं होतं आणि तुम्ही नको नको म्हणत तीन भाकऱ्या खाल्ल्यात. बाबा समोर बसले, टोपी काढून, आणि विचारलं, "बाई, ही पोर टिकंल ना तुमच्याकरं?" तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "टिकेल? दादा, नोकरीसाठी जिवाचं रान केलं हिने. पर्मनंट झाल्यावर इतकी रडली की मला वाटलं आता पूर येतो." बाबांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग उठून आत गेले आणि आईला म्हणाले, "उरनवाल्यांना सांगून टाक, आमची पोर कंपनीत हाय." कंपनीत हाय, असं म्हणताना त्यांचा आवाज मी विसरलेले नाही. मिठागर गेल्यापासून त्यांना मी पहिल्यांदाच ताठ चालताना बघत होते. पुढे मी लग्न केलं, माझ्या मनाने, माझ्या वेळेला, आणि तुम्ही पहिल्या पंगतीला बसलात, तुमच्या पाटावरून मला डोळा घातलात. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, बाईंच्या डोळ्यात काही गेलं.

तुम्ही लवकर गेलात. ऐंशीचं दशक अजून संपलंही नव्हतं. ठाण्याच्या हॉस्पिटलात तुमच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि मी बाजूला बसून तोंड पाडून होते. तुम्ही नळी जरा बाजूला सारून म्हणालात, "बघतेस काय? मी काही राजधातू नाही, मला तर लागणारच." नर्स ओरडली आणि आपण दोघी हसलो. मी तुम्हाला त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. भट्टी कशी आहे, नवी ट्रेनी कशी धांदरट आहे, हेच बोलत बसले. आता मीही रिटायर झाले, भट्टी केव्हाच मोडली, आणि मी हे पत्र लिहून झाल्यावर टाकणार आहे कुठे? आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण यात एक गोष्ट आहे जी मी आजवर कुणालाच सांगितली नाही, बाबांना नाही, नवऱ्याला नाही.

तुम्ही बाबांना म्हणालात ना, नोकरी मिळाली म्हणून रडली, आणि मी मान डोलावली, कारण बाबांचा चेहरा बघून दुसरं काही बोलवेना. पण बाई, त्या खडखडाटात, स्टुलावर उभी असताना, मला ना पत्र आठवत होतं, ना उरण, ना बाबा. साहेब पर्मनंट म्हणाले ते मी ऐकलंही नव्हतं. संध्याकाळी बसस्टॉपवर शिपाई पेढे मागायला आला तेव्हा मी त्यालाच विचारलं, "कशाचे?" मी रडत होते ती पंगत बसली म्हणून.